पाचव्या बोटाचं घर

मोडी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. ओळीच्या वर आडवी रेघ मारायची आणि टाक न उचलता मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं सोडत जायची. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचं. आणि त्याने ठरवलं की मग त्याच्याच नावाने बोंब मारायची. एकतीस सालच्या शिमग्याला आमच्या घरात जो गोंधळ झाला, त्याला वाडी अजून 'गोदीचं वाचन' म्हणते. मी त्याला मोडीचा दोष म्हणते आणि मरेपर्यंत म्हणत राहीन.

आमची वाडी रत्नागिरीच्या बंदराला लागून. सगळी घरं मासेमारांची. बायकांत वाचता येणारी मी एकटी, चौथीपर्यंत शाळेत गेलेली. पुरुषांतले जे दोन-चार शिकलेले होते ते मुंबईला. त्यामुळे पत्र कुणाचंही असो, यायचं माझ्याकडे. बालबोध मी घडाघडा वाचायची. मोडी वाचताना थोडी ठेच लागायची, पण तशी ठेच लागली की मी खोकायची आणि पुढे जायची. वाडीला वाटायचं, गोदीला खोकल्याची खोड आहे.

माझे वडील दाजी. वाडी त्यांना दाजी म्हणायची म्हणून आम्ही भावंडंही दाजीच म्हणायचो. त्यांची होडी होती, पण नाव होतं ते जाळ्यांमुळे. बांगड्याचं जाळं सांगा, सुरमईचं सांगा, दाजी डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, दोन बोटं की तीन बोटं एवढंच विचारायचे आणि विणायला बसायचे. त्यांच्या जाळ्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा तांदळाएवढाही मोठा नसायचा. त्यांच्या पाठीमागे माझा धाकटा भाऊ भिवा बसायचा. जाळं विणायची बांबूची सुई असते, तिच्या पोटात सूत गुंडाळून भरावं लागतं. सुई रिकामी झाली की दाजी मागे न बघता हात मागे करायचे, भिवा ती घ्यायचा आणि भरलेली सुई हातात ठेवायचा. तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून हे असंच चाललं होतं. दोघांत बोलणं फार नव्हतं. कामच तसं होतं की बोलावं लागत नसे.

मग भिवाला मुंबईचं वेड लागलं. गिरणीत जातो म्हणाला. दाजी दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी भर अंगणात म्हणाले, "जाळ्याला हात लावनार नायस, तर ह्या दाराला पन हात लावू नको." भिवाही त्यांचाच मुलगा. त्याने गाठोडं उचललं आणि गेला. पहिल्या पगारातून त्याने दाजींना लोकरीचा गळपट्टा पाठवला, हिरवागार, पोपटाच्या रंगाचा. आता रत्नागिरीत लोकरीचा गळपट्टा कोण घालणार? थंडी अशी ती चार दिवस, तीही पहाटे. पण दाजींनी तो परतही पाठवला नाही. ओटीवरच्या खुंटीला टांगला तो टांगलाच. दोन पावसाळे झाले, त्याला हात लावला नाही आणि कुणाला लावूही दिला नाही. मध्ये भिवाचं लग्न मुंबईलाच झालं, मुलगी झाली, तरी बापलेकांचा शब्द नाही. आई, म्हणजे ठमाबाई, देवळात जाऊन रडायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

आणि मग शिमग्याच्या महिनाभर आधी ते कार्ड आलं.

भिवाच्या चाळीतल्या कुणा कारकुनाने लिहिलेलं पल्लेदार मोडी. दाजी ओटीवर पाठ करून जाळं विणत होते, म्हणजे ऐकत नव्हते असं दाखवत होते. आई माझ्यासमोर फतकल मारून बसली. मी वाचायला लागले. शिमग्यास येतो. बाळीचे बारसे घरीच करावे, नाव गोदाक्कांनी ठेवावे. इथवर सगळं छान होतं. मी आत्या, नाव ठेवायचा मान माझाच. मी जरा छाती फुगवली. मग पुढची ओळ आली. मी खोकले.

"काय गो? काय झाला?" आई म्हणाली.

"बाळीचे पायास चार बोटे," मी वाचलं.

"चार?"

"चार."

"नीट बघ. पाच असतील."

मी नीट बघितलं. चारच होती. त्यापुढे लिहिलं होतं, मोजे मामांनी विणोन ठेवणे. मामा म्हणजे दाजी, सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. तेही मी वाचून दाखवलं. मला सगळं लख्ख दिसलं. पोरीच्या पायाला बोटं चारच, म्हणून मोजे हवेत. लोकांनी बघू नयेत म्हणून. बिचाऱ्या कमळेने, माझ्या भावजयीने, किती जपून सांगितलं होतं!

आईने तोंडाला पदर लावला. मग तो काढला आणि म्हणाली, "गिरानात विळीवर बसली असनार ती! पोटुशी बाईने गिरानात काय चिरू नये, येवढा पन मुंबयवाल्यांना समजत नाय? येऊ दे हितं, विचारतंय तिला."

तेव्हा दाजींनी पहिल्यांदा मान वळवली. "ठमे, त्या पोरीला कोन काय बोलायचा नाय. एक शब्द नाय. आपली नात हाय. चार बोटां असूदे नायतर दोन."

आई गप्प झाली. दाजींनी ठमे म्हटलं की ती गप्प व्हायची.

"आणि वाडीला समजता कामा नये," दाजी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझ्या तोंडून नाय जायचा," आई म्हणाली. आणि तिन्हीसांजेला पाणी भरायला गेली तेव्हा विहिरीवर शेजारच्या चिमाला सांगून आली, कुणाला सांगू नको म्हणून.

आता प्रश्न मोज्याचा. मोजा नावाची वस्तू आमच्या घरात कुणीच धड बघितलेली नव्हती. मोजा असतो बुटात, बूट असतो साहेबाच्या पायात, आणि साहेबाचा बूट काढून आत बघायला जाणार कोण? मी शाळेत मास्तरांच्या पायात दुरून बघितले होते, पण मास्तरांच्या पायाकडे बघण्यापेक्षा त्यांच्या छडीकडे लक्ष असायचं. दाजींनी मात्र डोकं चालवलं. बंदरावर एका गोऱ्या साहेबाच्या हातात त्यांनी हातमोजे बघितले होते, अगदी जवळून.

"हातमोज्याला बोटांची घरां असतात," ते म्हणाले. "मी ह्या डोळ्यांनी बघितलीत. मग पायमोज्याला नसतील? नाव तर एकच हाय."

मलाही ते पटलं. आईला पटलं, पण तिला दुसरीच काळजी लागली.

"चार घरांचा मोजा घातला तर लोक घरां मोजतील की वो. ती दवंडीच झाली."

दाजींनी विडी पेटवली. ती संपली, दुसरी पेटवली. आम्ही दोघी वाट बघत बसलो. शेवटी ते म्हणाले, "पाच घरां करतंय. चार पोरीच्या बोटांना. पाचव्यात सावरीचा कापूस भरून तोंड शिवून टाकतंय. भायेरनं बघनाऱ्याला पाच दिसतील."

मी तुम्हाला खरं सांगते, इतकी हुशार गोष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती. आईने तर हात जोडले. मग कुठलं बोट नाही यावर वाद झाला, कारण पत्रात तेही नव्हतं. आई म्हणाली करंगळी. मीही म्हणाले करंगळी, माणसाला नसलं तर चालेल असं तेच एक बोट. कापूस करंगळीच्या घरात भरायचा ठरला, दोन्ही पायांच्या.

"आणि माप?" मी म्हटलं. "पाऊल केवढा ता लिहिलेला नाय."

"बोटां लिहायला सुचली आणि माप लिहायला सुचला नाय," दाजी चिडून म्हणाले. "मुंबयचा कारकून!" मग जरा वेळाने त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे धरला, बोटं जुळवली आणि त्याच्याकडे बघत राहिले. "भिवा झाला तेव्हा त्याचा पाऊल माझ्या येवढ्यात बसायचा. हितपासून हितपर्यंत. पोर बापावर गेली असेल." चार बोटं होती ती. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून भिवाचं नाव आलं म्हणून आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. बोटांकडे दोघींपैकी एकीनेही बघितलं नाही. मी चौथी पास.

पहिला मोजा दाजींनी जाळ्याच्या सुताचा विणला. जाळ्याला घालतात तशाच गाठी घातल्या आणि जाळ्यासारखाच ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळला, खाऱ्या पाण्याने कुजू नये म्हणून. वाळल्यावर तो मोजा ओटीवर स्वतःच्या पायावर उभा राहिला. माझा नवरा महिपत, ह्याच वाडीतला, म्हणाला, दाजी, ह्यात कोळंबी मिळेल. दाजींना राग आला. महिपतने संध्याकाळी तो मोजा खाडीत सोडला आणि खरंच दोन कोळंब्या घेऊन आला. दाजी त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पण मोजा पोरीच्या पायाला टोचेल हे त्यांनाही समजलं.

"लोकर पायजे," आई म्हणाली.

लोकर बाजारात चौकशी करूनही मिळाली नाही. दाजी ओटीवर बसून राहिले. मग उठले, खुंटीपाशी गेले आणि तो हिरवा गळपट्टा काढला. दोन वर्षांची धूळ होती त्यावर. त्यांनी तो अंगणात नेऊन झटकला, दारात उभं राहून नाकाशी धरला आणि एका टोकाचा धागा दातांनी तोडून उसवायला सुरुवात केली. मी सूप घेऊन तांदूळ निवडत होते. मला रडू आलं, आणि तांदळात खडे राहिले म्हणून रात्री महिपतची बोलणी खाल्ली.

लोकरीचं काम सोपं नव्हतं. दाजींनी बांबूची नवी सुई तासली, दात कोरायच्या काडीएवढी. डोळ्याच्या मापाला नारळाचा हीर घेतला, झाडूचा असतो तो. एका गाठीशेजारी दुसरी गाठ अशी बसवली की मोहरीही आरपार जाऊ नये. बोटांची घरं करताना जीभ बाहेर काढून बसायचे. सुई रिकामी झाली की हात मागे जायचा, आणि मागे कुणी नाही हे आठवलं की तसाच पुढे यायचा. मग स्वतःच लोकर भरायची. मी एकदा म्हटलं, दाजी मी भरून देते. ते म्हणाले, "तुला जमनार नाय, तू ढिला भरतेस." वीस दिवसांत दोन मोजे झाले. पोपटाचे पाय असावेत तसे दिसत होते. करंगळीच्या घरात कापूस गच्च भरून वर गाठ मारली. निम्मा गळपट्टा उरला, तो पुन्हा खुंटीला गेला.

आई तेवढ्यावर थांबली नव्हती. तिने देवीला नवस बोलून ठेवला होता की पोरीला पाचवं बोट फुटू दे, पाच नारळ देईन.

शिमग्याच्या दोन दिवस आधी आगबोट आली. आमच्याकडे आगबोट किनाऱ्याला लागत नाही, लांब उभी राहते, आणि माणसं लहान होड्यांतून धक्क्यावर आणावी लागतात. महिपत होडी घेऊन गेला. धक्क्यावर सगळी वाडी जमली होती. दाजी आले नव्हते, ते घरी जाळं घेऊन ओटीवर पाठ करून बसले होते. कमळा पोरीला छातीशी धरून उतरली. दोन-अडीच महिन्यांची गोरीगोमटी पोर, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, आणि त्या तुकड्यातून दोन पाय बाहेर.

सगळी वाडी आभाळाकडे बघायला लागली.

चिमाने आपलं काम चोख केलं होतं. एकूण एक माणसाला ठाऊक होतं आणि एकूण एकाने ठरवलं होतं की आपण बघायचं नाही. कुणी होडीच्या दोराकडे बघतंय, कुणी कावळ्याकडे. चिमा स्वतः तर डोळे मिटून म्हणाली, "अगो बाय, काय देखणी हाय!" कमळेचा चेहरा पडला. पहिलटकरीण ती, आपली पोर मिरवायला आणली आणि एक बाई वळून बघेना. मीही बघितलं नाही. त्या पायांवर बोटं किती आहेत हे मोजायला एक पळ पुरला असता, पण आम्ही सगळी सभ्य माणसं.

घरी आलो. कमळेच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण भिवा अंगणातच थांबला. उंबऱ्याकडे बघितलं आणि तुळशीशेजारी उभा राहिला.

"आत ये रे," आई म्हणाली.

"ज्याने दार बंद केला त्याने उघडू दे," भिवा म्हणाला.

दाजींची पाठ हलली नाही. हात मात्र थांबले. कमळा म्हणाली, "हे भायेर तर मी पन भायेरच," आणि पोरीला मांडीवर घेऊन अंगणात चटईवर बसली. झालं. आत पाळणा बांधलेला, घुगऱ्या शिजलेल्या, बायका बारशाला नटून आलेल्या, आणि बाळ अंगणात. दारातून आत यायला कुणी तयार नाही, ये म्हणायला कुणी तयार नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "गोदे, ह्या दोघांचा होईल तेव्हा होईल. पयले पाय झाक पोरीचे. माणसां जमलीत."

आणि मग तीच मोजे घेऊन धावली आणि पदराआड पोरीचा पाय घेतला. डोळे वर आभाळात, हात खाली. आंधळी कोशिंबीर चालली होती नुसती. पोर रडायला लागली. आई मोजा वर ओढतेय, मोजा वर येत नाही. अंगठा गेला, तीन बोटं गेली, आणि पुढे काहीतरी अडलं. आईने चाचपलं. परत चाचपलं. मग तिने आभाळातले डोळे खाली आणले.

"गोदे!" ती अशी ओरडली की कावळे उडाले. "ह्या एक बोट जास्ती हाय!"

आता मात्र सगळ्या वाडीने बघितलं. इतक्या दिवसांची सभ्यता एका क्षणात गेली. बायका चटईवर कोसळल्या आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरा पाय. एक, दोन, तीन, चार, पाच. आईने दोन्ही हात कपाळाला लावले. "फुटला! देवी, बोट फुटला गो! पाच नारळ तुझे!"

"पाचच तर असतात," कमळा घाबरून म्हणाली. "काय झाला काय तुम्हा सगळ्यांना? वन्सं, काय हाय ह्या?"

वन्सं म्हणजे मी. मी तिला पत्राची आठवण दिली. तूच नाही का कळवलंस, बाळीचे पायास चार बोटे? कमळा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडात कोंबला. मग तो बाहेर काढला, कारण हसू त्यात मावेना.

"अवो वन्सं, ता माप होता! बाळीच्या पायाला चार बोटां मोजे, मामांनी विणून ठेवावे. चार बोटां येवढे! मी माझ्या हाताने मोजून सांगितला होता त्या कारकुनाला."

मी कार्ड मागवलं. वाचलं. 'बाळीचेपायासचारबोटेमोजेमामांनीविणोनठेवणे.' एका रेघेला टांगलेली एक अख्खी रांग. मी बोटेच्या पुढे थांबले होते, आणि थांबायला नको होतं. लोक ध चा मा करतात. मी तर एका श्वासाने नातीचं बोट तोडलं होतं. मी खोकले. ह्या वेळी कुणी फसलं नाही.

अंगण हसून हसून लोळत होतं. भिवासुद्धा तुळशीला धरून हसत होता. फक्त ओटीवरची पाठ हसत नव्हती. मग दाजी उठले, खाली आले, चटईपाशी बसले. जन्मभर बोटांनी जाळी मोजलेला माणूस. त्यांनी उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि पोरीच्या तळव्याला लावली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोबर बसलं.

"माप चुकला नाय," ते म्हणाले.

पोर अजून रडत होती, करंगळी कापसाला टेकून वाकडी झालेली. दाजींनी मोजा काढला. कमरेची सुरी घेऊन ते कापूस भरलेलं घर मुळापासून कापून टाकलं, दुसऱ्या मोज्याचंही. "मुंबयला दुकानात ढिगाने मिळतात मोजे," कमळा हळूच मला म्हणाली. "पन मामांना कायतरी काम सांगितल्याशिवाय आमाला कोन बोलावनार होता? ह्यांना मी थाप मारली, मामांनीच मोजे करायला घेतलेत, तेव्हा कुठे बोटीत बसले हे." तेव्हा मला कळलं की ह्या घरात डोकं असलेलं माणूस एकच आलंय आणि तेही बाहेरून.

"गळपट्टा," दाजी म्हणाले.

मी खुंटीवरून उरलेला निम्मा आणून दिला. भिवाचं हसू थांबलं. त्याने गळपट्टा ओळखला. मग चटईवर पडलेल्या मोज्यांकडे बघितलं, मग परत गळपट्ट्याकडे. तो तुळस सोडून दोन पावलं पुढे आला आणि बापाच्या मागे, चटईच्या कडेला, उकिडवा बसला. बसायची जागा तीच होती, लहानपणापासूनची.

दाजींनी सुईत होती नव्हती ती लोकर लावून पहिल्या मोज्याला नवं घर धरलं. दहा-बारा गाठी झाल्या आणि सुई रिकामी झाली. दाजींचा हात मागे गेला. नेहमीसारखाच, न बघता. आणि भिवाने ती सुई घेतली. त्यानेही बघितलं नाही, विचार केला नाही. गळपट्ट्याचा धागा ओढला, सुईत सरसर भरला, टोक दातांनी तोडलं आणि भरलेली सुई बापाच्या हातात ठेवली. दाजींनी ती पुढे आणली, एक गाठ मारली, दुसरी मारली, आणि मग त्यांचे हात थांबले.

कुणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हतं. आईने तोंडावर हात धरला होता.

दाजींनी सुईवर अंगठा फिरवला. "ढिली भरलीस," ते मागे न वळता म्हणाले. "मुंबयने हात बिघडवला तुझा."

"लोकर हाय, दाजी. सूत नाय," भिवा म्हणाला.

"असूदे." दाजींनी गाठ ओढली. "विणकामाला हात लागला ना? मग दाराला पन लाव. उन्हात पोर करपेल."

भिवा उठला, उंबऱ्यापाशी गेला आणि खरंच दाराला हात लावला, फळीवर सबंध पंजा ठेवून. मग वाकून आत गेला. कमळा पोरीला घेऊन मागोमाग गेली. आई चुलीपाशी जाऊन भांडी आपटायला लागली. मीही थोडी रडले.

मग बारसं झालं. मोजे संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाहीत, त्यामुळे पोर एका पायात हिरवा मोजा आणि एक पाय उघडा अशी पाळण्यात पडली. मी तिच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, राही. आता आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, ती रीतच आहे, हसत हसत हळूच घालायचे असतात. मला त्या दिवशी कुणी हळू घातले नाहीत. चिमाने तर बाह्या वर करून घातले. महिनाभर गुपित सांभाळून सांभाळून तिची फार ओढाताण झाली होती म्हणे.

बायकांचं झालं, तेवढ्यात गर्दी बाजूला सारत दाजी आले. पुरुषांनी बुक्के घालायची रीत आमच्यात नाही. पण दाजींना अडवणार कोण? त्यांनी मोजून घातले. एक, दोन, तीन, चार. मी पाचव्यासाठी पाठ वाकवून उभी राहिले.

"झाले," दाजी म्हणाले. "पाचवा पत्रात नाय."